तराजूपासून चिपपर्यंत : फरक ओळखणाऱ्या यंत्राचा इतिहास

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव ऐकून कित्येकांच्या मनात शंका आली असेल की, आठ पायांच्या, नखाएवढ्या एका काळ्या वस्तूवर तासभर काय बोलावयाचे? राज्ये उलथली, लढाया झाल्या, संत जन्मले, तो इतिहास. आणि सर्किटात बसवावयाची चिप कोणती निवडावी हा दुकानदाराचा व कारागिराचा प्रश्न. परंतु माझे म्हणणे असे आहे की, या चिपचा इतिहास हा खऱ्या मोजमापाचा इतिहास आहे, आणि खरे मोजमाप ही शेतकरी, आडत्या, कारखानदार आणि रोगी या सर्वांच्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे. इंग्रजीत तिला डिफरन्शियल ॲम्प्लिफायर म्हणतात. आपण तिला फरक-विवर्धक म्हणू. दोन तारांवरील विद्युद्दाबांतला फरक तेवढा वाढवून दाखवावयाचा आणि दोन्ही तारांवर जे सारखेच आहे त्याकडे दुर्लक्ष करावयाचे, एवढेच तिचे काम.

हे काम माणसाला नवे नाही. वाण्याच्या दुकानातील तराजू घ्या. दोन पारडी आणि मध्ये दांडी. पृथ्वीचे आकर्षण दोन्ही पारड्यांवर सारखे. पारडी भरताना दोन्हीकडे शेरभर माल वाढविला तर दांडी जागची हलत नाही. ती हलते ती केवळ फरकाने. म्हणून चांगल्या तराजूची परीक्षा दोन अंगांनी होते : थोडा फरक पडला तर तो दाखवतो की नाही, आणि दोन्हीकडे सारखेच ओझे असता स्थिर राहतो की नाही. यांतले दुसरे अंग लोक विसरतात. पण दांडीची एक बाजू रेसभर जरी लांब असली, तरी सारख्या ओझ्यालाही ती झुकते, आणि ओझे जितके जड तितकी अधिक झुकते. खोटा तराजू म्हणतात तो हाच. हे दुसरे अंग ध्यानात ठेवा. पुढचा सारा इतिहास त्याच्याच भोवती फिरतो.

आता आपल्या जालन्याकडे वळू. हा भाग निजामाच्या राज्यात होता, पुढे हैदराबाद राज्यात राहिला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. धान्य पायली-मापट्याने मोजावे आणि जड माल शेर-मणाने तोलावा, ही जुनी रीत होती. १९५६ साली वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला व १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलोग्रॅम आला. तेव्हा वजने बदलली, पण दांडी राहिली. दांडी गेली ती पुढे, इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा. आज मोंढ्यात पोते काट्यावर टाकले की लाल आकडे उमटतात. दांडी डोळ्यांना दिसत होती. शेतकरी ती पाहून, प्रसंगी मापाड्याशी भांडू शकत होता. आकड्याशी कोण भांडणार? म्हणूनच त्या आकड्याच्या आत काय चालते हे नागरिकाने जाणून घ्यावे, असे मला वाटते.

काट्याच्या तबकाखाली धातूचा एक ठोकळा असतो. त्याला लोड सेल म्हणतात. ओझे पडले की तो किंचित वाकतो, इतका किंचित की डोळ्यास दिसू नये. त्यावर बारीक तारेच्या किंवा पत्र्याच्या नक्षीच्या पट्ट्या चिकटविलेल्या असतात. तार ताणली की तिचा विद्युत्-रोध बदलतो, हे लॉर्ड केल्व्हिन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५६ साली दाखविले होते. पण त्या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग होण्यास ऐंशी वर्षे जावी लागली. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांस न कळत, ताण मोजणारी चिकट-पट्टी तयार केली. अशा चार पट्ट्या चौकोनात जोडतात. या जोडणीस व्हीटस्टनचा पूल म्हणतात. तिची मूळ कल्पना १८३३ साली सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांची. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ साली ती लोकांपुढे आणली आणि नाव त्यांचेच राहिले. इतिहासात असे अनेकदा घडते.

आता थोडा हिशेब करू. समजा, पाचशे किलोचा काटा आहे व त्याच्या पुलाला दहा व्होल्टचा दाब दिला आहे. अशा सेलचा सर्वसाधारण गुण असा की, दिलेल्या प्रत्येक व्होल्टमागे पूर्ण ओझ्याला दोन मिलिव्होल्ट मिळावेत. म्हणजे पाचशे किलोंना वीस मिलिव्होल्ट. एका किलोला ४० मायक्रोव्होल्ट आणि शंभर ग्रॅमला ४ मायक्रोव्होल्ट. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. पण खरी अडचण निराळीच आहे. हे चार मायक्रोव्होल्ट ज्या दोन तारांमध्ये आहेत, त्या दोन्ही तारा स्वतः जमिनीपासून सुमारे पाच व्होल्टवर उभ्या आहेत. पाच व्होल्ट म्हणजे पन्नास लाख मायक्रोव्होल्ट! घाटावरच्या दोन माणसांच्या उंचीतील केसभर फरक समुद्रसपाटीपासून मोजून काढावा, तसा हा प्रकार. येथे साधा विवर्धक कामाचा नाही. तो घाटही वाढवील आणि माणसेही वाढवील. घाट वगळून फरक तेवढा वाढविणारा हवा.

असा विवर्धक प्रथम कोणाला हवा झाला? व्यापाऱ्याला नव्हे, शरीरशास्त्रज्ञाला. हॉलंडमधील विलेम आइंथोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तंतु-गॅल्व्हानोमीटरने हृदयाचा विद्युत्-आलेख काढला व त्यासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाचा संदेश त्वचेवर एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. त्याहून कठीण मेंदूचा. तो काही दशक मायक्रोव्होल्ट. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केला, तेव्हा पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. कारण उघड होते. माणसाचे शरीर म्हणजे उभी केलेली तारच. खोलीतल्या दिव्यांच्या तारांची गुणगुण त्यावर सतत उतरते. मेंदूचा आवाज कोणता आणि दिव्याचा कोणता, हे कसे ओळखावे?

केंब्रिजमध्ये ब्रायन मॅथ्यूज यांनी या प्रश्नाला हात घातला. १९३४ साली त्यांनी एका खास विवर्धकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दोन निर्वात नलिका एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि दोघींवर सारखाच पडणारा दाब बराचसा वगळला जाई. त्याच वर्षी एड्गर एड्रियन यांच्यासह त्यांनी बर्गरच्या लहरी खऱ्या असल्याचे दाखवून दिले. एका वादग्रस्त शोधाला मान्यता मिळाली ती जास्त ऐकणाऱ्या यंत्रामुळे नव्हे. काय ऐकू नये हे जाणणाऱ्या यंत्रामुळे मिळाली.

पुढले पाऊल ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याचे. दूरचित्रवाणीचा तो उदयकाळ होता. लांबच्या तारेवरून चित्र न्यावयाचे आणि वाटेतला गोंगाट गाळावयाचा. १९३६ साली त्यांनी ज्या जोडणीचे पेटंट मागितले, ती आजही प्रत्येक फरक-विवर्धकाच्या दाराशी उभी आहे. तिचे नाव लाँग-टेल्ड पेअर, म्हणजे लांब शेपटीची जोडी. तिची युक्ती पाटाच्या पाण्याने समजते. पाटाला एकंदर पाणी ठरलेले आहे. त्यातून दोन चाऱ्या निघतात, दोन भावांच्या शेतांना. दोघांनीही आपापली फळी एक बोट उचलली तर कोणालाच जास्त मिळत नाही, कारण वरून येणारे पाणी तेवढेच. पण एकट्याने उचलली तर त्याच्याकडे वाढते आणि दुसऱ्याचे तितकेच घटते. ब्लमलाइनच्या जोडीत दोन नलिकांच्या खाली एक मोठा रोधक असतो, तीच शेपटी. ती एकंदर प्रवाह जवळजवळ ठरीव ठेवते. दोन्ही तारांवर सारखे वाढले तर परिणाम नाही. फरक पडला की लगेच पाणी इकडचे तिकडे. ७ जून १९४२ रोजी विमानातील रडारची चाचणी घेताना विमान कोसळून ब्लमलाइन मरण पावले. वय अवघे अडतीस.

युद्धकाळात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील कार्ल स्वार्टझेल यांनी, तोफांचा नेम धरणाऱ्या गणकयंत्रांच्या ओघात, नव्या जातीच्या विवर्धकाचे पेटंट १९४१ साली मागितले. अशा विवर्धकाने बेरीज-वजाबाकी करता येते, म्हणून जॉन रॅगझिनी यांनी १९४७ साली त्याला ऑपरेशनल ॲम्प्लिफायर हे नाव दिले; कारागीर त्याला ऑप-ॲम्प म्हणतात. १९५३ च्या सुमारास जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीने असा विवर्धक तयार डबीत विकावयास काढला. के-टू-डब्ल्यू हे त्याचे नाव. दोन जोड-नलिका, अधिक-उणे तीनशे व्होल्टचा पुरवठा आणि किंमत सुमारे वीस डॉलर. विवर्धक ही प्रत्येकाने स्वतः बांधावयाची वस्तू न राहता, दुकानातून आणून खोबणीत खोचावयाची वस्तू झाली. निवड करण्याचा प्रश्न येथून सुरू झाला.

नलिकांचा दोष एकच, पण मोठा : दोन नलिका कधी तंतोतंत सारख्या नसतात. एक अधिक तापते, एक लवकर म्हातारी होते. तराजूची दांडी एका बाजूला हळूहळू लांबत जावी, तसे होई. १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर निघाला. तोही सुटा असताना हाच दोष. मग १९५८ साली जॅक किल्बी यांनी आणि १९५९ साली रॉबर्ट नॉइस यांनी एकाच तुकड्यात अनेक भाग घडविण्याची वाट दाखविली. येथे फरक-विवर्धकाचे नशीब उघडले. एकाच सिलिकनच्या तुकड्यावर, शेजारी शेजारी, एकाच वेळी घडलेले दोन ट्रान्झिस्टर जुळ्या भावंडांसारखे असतात. एक तापला तर दुसराही तितकाच तापतो. जुळेपण आणि सहवास ही चिपची खरी देणगी.

ही देणगी ज्याने ओळखली तो बॉब विडलर. अमेरिकेच्या फेअरचाइल्ड कंपनीत त्याने १९६४ साली ७०२ आणि १९६५ साली ७०९ या चिपा आखल्या. पुढे तो नॅशनल सेमिकंडक्टरकडे गेला व तेथे १९६७ साली एलएम १०१ आली. १९६८ साली फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागार यांनी ७४१ आखली. पूर्वीच्या चिपांना स्थिर राहण्यासाठी बाहेरून संधारित्र लावावे लागे. फुलागार यांनी ते तीस पिकोफॅरडचे संधारित्र चिपच्या पोटातच घातले. नवशिक्याच्या हातूनही सर्किट बिघडेनासे झाले आणि ७४१ जगभर पसरली. आपल्याकडच्या तंत्रनिकेतनांत पिढ्यान् पिढ्या हीच चिप शिकविली गेली.

चिपच्या अंगाइतकेच तिच्या पायांकडेही पाहिले पाहिजे. १९६४ साली फेअरचाइल्डमध्येच दोन रांगांत पाय असलेले आवरण निघाले. त्याला डीआयपी म्हणतात. एका पायापासून दुसऱ्या पायाचे अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर. सर्किटच्या पाटीला भोके पाडावी, त्यांतून पाय आरपार घालावे आणि मागून कथलाचा डाख द्यावा. याला थ्रू-होल पद्धत म्हणतात. साधी सोल्डरिंगची सळई, थोडी नजर व स्थिर हात एवढ्यावर जालन्यातला कारागीरही ते काम करू शकतो. खोबणी बसविली असेल तर डाखही नको. जुनी उपटा, नवी खोचा.

आपल्या देशाचा या इतिहासात वाटा काय? १९५४ साली बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली. डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ साली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ चा, आणि त्याच वर्षी २४ जानेवारीस भाभांचे विमान-अपघातात निधन झाले. तुर्भ्याच्या अणुकेंद्रात मोजमापाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बांधण्याची जी परंपरा वाढली, तिच्यातून १९६७ साली हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली. तिचे प्रवर्तक ए. एस. राव. मोहालीचा चिपांचा सरकारी कारखाना १९८० च्या दशकात उत्पादन करू लागला, आणि १९८९ साली आगीत सापडला. उपकरणे बांधण्यात आपण पुढे गेलो. त्यातली चिप मात्र बहुतांशी बाहेरची राहिली. ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून, जिल्ह्याच्या गावी येत गेली. अशा स्थितीत आपल्या हाती एकच अधिकार उरतो, तो म्हणजे नीट निवडण्याचा. तो तरी डोळसपणे बजावला पाहिजे.

तर मग निवड कशी करावी? इतिहासाने जी तीन माणसे आपल्या दाराशी उभी केली आहेत, त्यांना आपल्याच काट्यावर तोलून पाहू.

पहिला उमेदवार जुनी ७४१ आणि भोवती चार रोधक. स्वस्त, कोठेही मिळणारी. पण वजाबाकी करणारे ते चार रोधक तंतोतंत जुळले पाहिजेत. बाजारातले रोधक शेकडा एक इतक्या चुकीचे असतात. अशा चार रोधकांनी, फरक न वाढविता नुसती वजाबाकी केली, तर वाईटात वाईट प्रसंगी सारख्या दाबाचा पन्नासावा भाग फरक म्हणून आत शिरतो. शेजारच्या मोटारीमुळे दोन्ही तारांवर पन्नास मिलिव्होल्टची गुणगुण उतरली, तर एक मिलिव्होल्ट आत आला. आपल्या काट्यावर एक मिलिव्होल्ट म्हणजे पंचवीस किलो! त्याच सर्किटात फरक शंभरपट वाढविला तर चूक पुष्कळ आटते. तरीही ती अर्ध्या किलोइतकी उरू शकते. आकडे नाचू लागतात ते अशा वेळी. त्याखेरीज उष्णतेचा प्रश्न आहे. ७४१ ची शून्यरेषा अंशामागे पंधरा मायक्रोव्होल्टपर्यंत सरकू शकते. आपल्याकडे वैशाखात सकाळ आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे सव्वादोनशे मायक्रोव्होल्ट, साडेपाच किलोंहून अधिक. काट्याला शून्य करण्याचे बटण असते व मापाडी ते दाबतो, हे खरे. पण जे वारंवार दाबावे लागते, ते एखाद्या वेळी दाबले जात नाही, हेही खरेच.

दुसरा उमेदवार ओपी-०७. ही १९७५ ची, जॉर्ज एर्डी यांनी प्रिसिजन मोनोलिथिक्स कंपनीत आखलेली. तिची सरक अंशामागे दोन मायक्रोव्होल्टांच्या आत. त्याच दुपारी चूक साडेपाच किलोंवरून पाऊण किलोच्या आत येते, आणि बहुधा त्याहून बरीच कमी. पण भोवतालचे रोधक जुळविण्याचे काम कारागिराच्याच गळ्यात राहते.

तिसरा उमेदवार इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर, म्हणजे खास मोजमापासाठी केलेला फरक-विवर्धक. यात दोन विवर्धक पुढे व एक मागे अशी तिघांची योजना करून जुळविलेले रोधकही चिपच्या पोटातच घातलेले असतात. या जातीच्या एका तुकड्यातील चिपा १९७० च्या दशकाच्या आरंभी ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीने बाजारात आणल्या. आज सहज सापडणारी नावे दोन : त्याच कंपनीची एडी ६२० आणि बर-ब्राउन कंपनीची आयएनए १२८. बर-ब्राउन २००० साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाली, पण चिपचे नाव राहिले. दोन्ही आठ पायांच्या डीआयपी आवरणात मिळतात. बाहेर एकच रोधक लावावयाचा. त्यानेच किती पट वाढवावे हे ठरते. आयएनए १२८ सारख्या चिपमध्ये, फरक शंभरपट किंवा अधिक वाढविला असता, सारख्या दाबाचा दहा लाखावा भागही आत शिरत नाही. मघाची पन्नास मिलिव्होल्टची गुणगुण येथे सव्वा ग्रॅमइतकी उरते. कोठे पंचवीस किलो आणि कोठे सव्वा ग्रॅम!

या दोन्ही चिपांचे पाय एकाच क्रमाने आहेत; एक न मिळाली तर दुसरी त्याच खोबणीत बसते. मात्र रोधकाचे गणित निराळे. आयएनए १२८ मध्ये पन्नास हजार ओहमला त्या रोधकाने भागून एक मिळवावा. एडी ६२० मध्ये पन्नासाऐवजी एकोणपन्नास हजार चारशे घ्यावे. हा फरक न पाहता चिप बदलली तर काटा शेकडा एकाहून थोडा चुकतो. शंभर किलोमागे एक किलो! चिप बदलल्यावर ठाऊक असलेले वजन ठेवून काटा पुन्हा जुळविलाच पाहिजे, तो यासाठी.

पण महाग ती चिप सर्वत्र चांगली, असेही समजू नये. आपल्या जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांकडे पाहा. तेथे प्रश्न वजनाचा नसून उष्णतेचा आहे. दोन निराळ्या धातूंचा सांधा तापला की दाब निर्माण होतो, हे थॉमस सीबेक यांनी १८२१ साली शोधले. वितळलेल्या पोलादासाठी प्लॅटिनमच्या तारांचा सांधा वापरतात. तो एका अंशामागे दहा-बारा मायक्रोव्होल्ट देतो. पोलाद सोळाशे अंशांवर असता एका अंशाची चूक सोसते. म्हणजे सरक काट्याइतकी छळत नाही. छळते ती इंडक्शन भट्टी. तिच्यातून शेकडो हजारो आवर्तनांचा प्रचंड प्रवाह खेळत असतो आणि तो जवळच्या प्रत्येक तारेत घुसतो. चिपच्या कागदावर पहिल्या पानावर छापलेला दहा लाखात एकचा आकडा पन्नास-साठ आवर्तनांपर्यंतचा असतो; आवर्तने वाढली की तो घसरत जातो. तेथे चिपबरोबर तारांना पीळ घालणे, त्यांवर धातूची जाळी घालणे आणि आत गाळणी बसविणे यांचाही विचार करावा लागतो. दवाखान्यात आणखी निराळे. तेथे त्वचेतून येणारा प्रवाह इतका क्षीण की चिपने स्वतःसाठी जवळजवळ काहीच घेता कामा नये, आणि रोग्याच्या अंगात तर काहीच सोडता कामा नये.

म्हणून निवडणाऱ्याने चिपचे नाव आधी विचारू नये. आधी विचारावे की, मला किती लहान फरक ओळखावयाचा आहे? तो किती मोठ्या सारख्या दाबावर उभा आहे? भोवती गोंगाट कोणत्या आवर्तनांचा? ऊन किती? पुरवठा किती व्होल्टचा? ७४१ अधिक-उणे पंधरा व्होल्टांसाठी जन्मली. आजच्या पाच व्होल्टांच्या पाटीवर ती गुदमरते. आणि शेवटचा प्रश्न : ही बिघडली तर येथे, या गावात, कोण दुरुस्त करणार?

हा शेवटचा प्रश्नच माझ्या मते आज कसोटीचा आहे. १९८० च्या दशकापासून पाटीच्या पृष्ठावरच डाख देण्याच्या, बिनभोकाच्या चिपांचा प्रसार झाला. आज नव्या चिपा बहुधा त्याच रूपात निघतात. डीआयपी आवरण मिळते ते जुन्या, नावाजलेल्या चिपांना. स्वस्त काट्यांत आता एचएक्स ७११ सारखी सोळा पायांची एकच चिप असते. तिच्या पोटात फरक-विवर्धकही आहे आणि आकडे करणारा भागही. ती लहान आहे, स्वस्त आहे, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर चार रोधकांच्या ७४१ पेक्षा कितीतरी अचूक आहे. तिला नावे ठेवणे म्हणजे मोटार आली म्हणून बैलगाडीसाठी रडण्यासारखे होईल. तरीसुद्धा एक गोष्ट आपण गमावतो आहोत. पाय बारीक, अंतर बारीक. साध्या सळईने ती काढणे-घालणे कठीण. मग काटा बिघडला की पाटीच बदलावयाची, ती न मिळाली तर काटाच बदलावयाचा. दुरुस्ती गावातून निघून जाते, आणि तिच्याबरोबर आत काय चालते याचे ज्ञानही निघून जाते.

ज्ञान गेले की काय होते, ते दूर जाऊन शोधावयास नको. २०१८ साली जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. कोष हलके आणि किमती. आठवड्यांच्या कष्टाचे मोल तेथे किलोच्या हिशेबात ठरते, आणि किलो ठरवितो काटा. वैध मापनाचा २००९ चा कायदा सांगतो की, काटा पडताळून त्यावर मुद्रा उमटविली पाहिजे व दुरुस्ती परवानाधारकानेच केली पाहिजे. दुरुस्तीनंतर पुन्हा पडताळणी हवी. कायदा योग्यच आहे. पण मुद्रा पाहणारा विक्रेता आणि आकडा पाहणारा विक्रेता यांत फरक आहे. सकाळी शून्यावर असलेला काटा दुपारी रिकामाच दोनशे ग्रॅम का दाखवितो, असा प्रश्न ज्याला सुचतो, त्याला फसविणे कठीण जाते. असा प्रश्न सुचावयास थोडे शिक्षण लागते.

यासाठी माझे सांगणे दोन गोष्टींपुरते आहे. आपल्या शाळांत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि तंत्रनिकेतनांत भोकाच्या पाटीवरची चिप टिकवावी. कारखान्यात तिचा काळ सरत आला असेल. पाठशाळेत तो सरलेला नाही. जो मुलगा वा मुलगी एक लोड सेल, एक आयएनए १२८ आणि एक रोधक स्वतःच्या हाताने जोडील, पाटीवर बोट टेकून आकडा हलताना पाहील, तिला मोजमाप म्हणजे काय ते पुस्तकाविना कळेल. दुसरे असे की, जेथे उपकरण वर्षानुवर्षे चालावयाचे आहे, मग तो गावचा काटा असो की ग्रामीण रुग्णालयातले यंत्र, तेथे खरेदी करणाऱ्याने किमतीबरोबर दुरुस्तीचीही चौकशी करावी. सुटा भाग जिल्ह्यात मिळेल काय, तो बसविणारा हात येथे आहे काय, हे प्रश्न निविदेत लिहून मागावेत.

याच जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. विवेक हा शब्द त्यांनी मराठी माणसाच्या तोंडी रुळविला. विवेक म्हणजे वेगळे काढणे. सार कोणते आणि असार कोणते हे निवडणे. मॅथ्यूजच्या नलिकांनी, ब्लमलाइनच्या जोडीने आणि विडलरच्या सिलिकनने केले ते हेच काम, विजेच्या क्षेत्रात. मोठ्याने ओरडणारी यंत्रे माणसाने लवकर केली. सारखे असेल ते सोडून नेमका फरक पाहणारे यंत्र करावयास त्याला अधिक काळ लागला. ते यंत्र आज मूठभर रुपयांत आपल्या मोंढ्यात आले आहे. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावयाचा की डोळे उघडून, हे मात्र कोणतीही चिप ठरविणार नाही. ते आपणच ठरवावयाचे आहे.